मी गळतो म्हणून उभा आहे

मी एक जुनी भिंत आहे, अशी सुरुवात करायला हवी होती. पण मित्रांनो, मी जुना नाही आणि अख्खी भिंतही नाही. मी भिंतीचा एक तुकडा आहे, सतरा नंबरचा. वय वर्षं चार. आमच्या वसई-विरारकडे चार वर्षांत एकेक रस्ता तीनदा म्हातारा होतो, त्या मानाने मला जुना म्हणायला कोणाची हरकत नसावी.

आपली कहाणी सांगायला सहसा फाटकी छत्री, मोडकी खुर्ची किंवा वठलेलं झाड पुढे येतं. काँक्रीटला कोणी विचारत नाही. शिवाय ही सगळी मंडळी शेवटी हात जोडून सांगतात, की आमची काळजी घ्या. माझी अडचण उलटी आहे. माझी एकदा फार मनापासून काळजी घेतली गेली, आणि त्यातून मी पडता पडता वाचलो.

माझा जन्म गोखिवऱ्याचा. एका बाजूला खिडक्यांच्या ग्रिलचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बाटल्यांची झाकणं बनवणारा, आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. आधी लोखंडी साचा, त्याला आतून तेल, मग सळ्यांची जाळी आणि वरून काँक्रीट. ओतताना आत व्हायब्रेटर घालतात, म्हणजे पोटातली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तेव्हा मी एका प्रचंड खुर्चीसारखा दिसत होतो. दहा फुटांची पाठ आणि सहा फुटांची बैठक. ही बैठक जमिनीत पुरतात, तिच्यावर माती भरतात आणि त्या मातीच्या वजनावर मी उभा राहतो. म्हणजे जिला अडवायचं, तिच्याच जोरावर उभं राहायचं. हे तंत्र मोठ्या माणसांना पटकन कळतं. तुम्हाला हळूहळू कळेल.

पुढे बरेच दिवस मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. एवढे लाड पुन्हा कधी झाले नाहीत.

माझ्या अंगात तीन भोकं आहेत. खाली दोन, वर एक. ती अपघाताने पडलेली नाहीत. साचा भरण्याआधी तिथे प्लास्टिकच्या नळीचे तुकडे मुद्दाम बसवले होते. एका नव्या कामगाराने ती पाहिली आणि चांगल्या मनाने विचारलं, की ही बुजवून टाकू का. तिथल्या इंजिनीअर विनया मॅडम हातात वेताची काडी घेऊन फिरायच्या आणि प्रत्येक भोकात घालून बघायच्या. त्या म्हणाल्या, "ही त्याची नाकं आहेत. पावसात मागची माती पाण्याने भरते, ते पाणी इथून बाहेर यायला पाहिजे. ओला दिसला तर ठणठणीत समजायचं. भर पावसात कोरडा दिसला तर समजायचं आजारी आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या आयुष्यात ते ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापैकी कोणीही त्या दिवशी गोखिवऱ्यात नव्हतं.

तिथून ट्रेलरवर बसून मी तुळिंजच्या पलीकडे आलो. जिथे भातशेतं होती, तिथे आता तलाव खोदला होता. खाडीला भरती असली की वस्तीतलं पावसाचं पाणी खाडीत जात नाही, माणसांच्या घरात येतं. म्हणून ते आधी या तलावात थांबवायचं आणि सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की फाटक उघडून खाडीत सोडायचं, अशी योजना. तलावाच्या काठाची माती आत ढासळू नये म्हणून आम्ही चाळीस तुकडे खांद्याला खांदा लावून उभे केले. विनया मॅडमनी आमच्या पाठीमागे आधी खडी टाकून घेतली, मग माती.

माझ्या पाठीमागे, बारा फुटांवर, हरेश्वरकाकांचं घर आहे. शेत तलावात गेलं, घर राहिलं. घरात ते आणि हंसाकाकू. क्रेनने आम्हाला उतरवत होते ते तीन दिवस काका ओट्यावर बसून नुसते बघत होते. या काकांनी तीस वर्षं खाडीच्या बांधावरची उघाडी सांभाळलेली. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. भरतीला लावायचा, सुकतीला काढायचा. तीस वर्षं चुकले नाहीत, म्हणून त्यांचं नाव कुठे छापून आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते उठले आणि मॅडमना एवढंच विचारलं, "पान्याला वाट ठेवली काय?"

मॅडमनी माझी भोकं दाखवली. काकांनी वरच्या भोकात बोट घालून पाहिलं, बोट बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "मंग तुमचा काम बरा हाय." मग हंसाकाकूंनी सगळ्यांना चहा दिला. माझ्या कामाची ही एकमेव अधिकृत तपासणी. त्यानंतर मॅडमचं काम संपलं आणि त्या दुसऱ्या गावी दुसरी भिंत उभी करायला गेल्या.

दोन पावसाळे मी काम केलं. भिंतीचं काम म्हणजे काय, तर काहीही न होऊ देणं. त्यामुळे कौतुकाचा प्रश्न येत नाही. माझ्या भोकांतून कधी थेंब, कधी करंगळीएवढी धार तलावात पडायची. तोंडावर तांबूस ओघळ आले, शेवाळ धरलं. मी दिसायला वाईट आणि तब्येतीने उत्तम होतो.

पण समोरच्या काठावर सात मजल्यांची सोसायटी आहे, आणि तिथल्या लोकांना माझं फक्त तोंड दिसतं.

मित्रांनो, आमच्याकडची माणसं पुराला जितकी घाबरत नाहीत तितकी गळतीला घाबरतात. यात त्यांची चूक नाही. बिल्डिंग बांधून होते, मग गळते, मग गच्चीवर पत्र्याची शेड येते, मग पत्रा गळतो. लग्नाच्या पत्रिका पाठवताना लोक घरात वॉटरप्रूफिंगवाल्यासाठी एक बाजूला काढून ठेवतात, इतका तो घरचा झालेला असतो. सोसायटीचे सेक्रेटरी दीपेश यांच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा एवढा मोठा डाग आहे, की त्यात त्यांच्या मुलीने नद्या आणि राजधान्या काढल्या आहेत. असा माणूस सकाळी गॅलरीत दात घासायला उभा राहतो आणि समोर चाळीस ठिकाणी भिंत गळताना बघतो. त्याचं काय होत असेल?

दीपेश यांनी तलाव बांधणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज केला. भिंत लीक होत आहे. मग दुसरा अर्ज, मग तिसरा. तिसऱ्याला उत्तर आलं, की सुशोभीकरणांतर्गत सोसायटीने आपल्या स्तरावर काळजी घेतल्यास कार्यालयाची हरकत नाही. दीपेश यांनी काळजी घ्यायचं ठरवलं. ते वाईट नव्हते. वाईट माणूस इतके अर्ज लिहीत नाही.

काकांना हे कळलं तेव्हा ते चपला घालून तलावाला वळसा घालून सोसायटीत गेले. दीपेश यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, पाणी आत गेलं की सळ्या गंजतात. आमच्या बिल्डिंगचं तेच झालंय. आणि तुमचा तो बांध मातीचा होता. हे आरसीसी आहे."

"पान्याला ते ठाव हाय काय?" काकांनी विचारलं.

दीपेश हसले. काका हसले नाहीत. ते परत येऊन ओट्यावर बसले आणि काकूंना म्हणाले, की मुलगा चांगला आहे, पण त्याने पाणी फक्त वरून पडताना पाहिलंय.

मे महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीतली पन्नास माणसं श्रमदानाला उतरली. मितेशभाई वॉटरप्रूफिंगवाले आपलं केमिकल घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांची भोकं बुजवली, माझी तिन्ही. काम पक्कं केलं. गच्चीवर त्यांनी असं कधी केलं असतं तर दीपेश यांच्या छतावर राजधान्या आल्या नसत्या. मग मला घासलं, पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत ‘थेंब थेंब वाचवू या’ असं लिहिलं. बुजवलेल्या भोकांच्या जागी तीन हसरे थेंब काढले. डोळे, गाल, सगळं. त्या संध्याकाळी पोरंटोरं माझ्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सुंदर दिसत होतो आणि पहिल्यांदा मला श्वास घेता येत नव्हता.

जुलैत चार दिवस पाऊस थांबला नाही. तलाव भरला. सगळं गाव तलावाकडे बघत होतं, आता काठावरून येतं की काय म्हणून. माझ्या पाठीमागे, जिथे कोणी बघत नव्हतं, तिथेही पाणी चढत होतं. माती चिखल झाली, चिखल जड झाला. ते पाणी माझ्या बुजवलेल्या भोकांपाशी येऊन धडकत होतं. तरी मी उभा होतो, कारण समोरून तलावाचं पाणी मला तितक्याच जोराने धरून होतं.

पाचव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला, सुकती लागली आणि फाटक उघडलं. तलाव उतरू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी वडे आणले. धोका टळला, असा मेसेज सगळ्या ग्रुपवर गेला.

मित्रांनो, एक करून बघा. नाही, करू नका, नुसता विचार करा. एका माणसाला पुढून आणि मागून दोघांनी रेटून धरलंय. पुढचा अचानक बाजूला झाला. मागचा रेटतोच आहे. मधल्याचं काय होईल?

मी दोन बोटं पुढे झुकलो.

ते काठावरच्या कोणाला दिसलं नाही. ते हंसाकाकूंना कळलं, स्वयंपाकघराचं मागचं दार लावताना. त्यांनी दोनदा ओढलं, मग खांद्याने रेटलं. "आवं," त्या आतून म्हणाल्या, "दार लागत नाय."

काका म्हणाले, की पावसाने लाकूड फुगलं असेल. म्हणाले, आणि मग त्यांनी खाली पाहिलं. मागच्या ओट्याच्या जमिनीवर एक भेग पडली होती, सरळ, माझ्याच रेषेत. सकाळी नव्हती. काकांनी काकूंना पुढल्या दाराने रस्त्यावर जाऊन उभं राहायला सांगितलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली. काकू म्हणाल्या, की आता कशाला, पाणी तर उतरतंय.

"म्हनूनच," काका म्हणाले. "बांद भरतीला नाय जात. सुकतीला जातो."

माझ्या बाजूच्या लोखंडी शिडीवरून ते तलावात उतरले. पाणी त्यांच्या छातीला होतं. माझं वरचं भोक नुकतंच उघडं पडलं होतं. त्यांनी वरच्या थेंबाच्या डाव्या डोळ्यावर पहिला घाव घातला.

समोरच्या काठावर आरडाओरडा झाला. म्हातारा वेडा झाला, सरकारी भिंत फोडतोय, कोणीतरी थांबवा. सगळ्यांचे फोन वर झाले. थांबवायला मात्र एकटे दीपेश धावले, अख्ख्या तलावाला वळसा घालून, चपला हातात घेऊन. माझ्या डोक्यावर उभं राहून ते धापा टाकत म्हणाले, "काका, काय करताय? फोटो निघतायत तुमचे."

काकांनी मान वर केली नाही. सातव्या घावाला मितेशभाईंचं पक्कं काम निघालं, आणि माझ्या आतून चिखलाची धार अशी उसळली, की काका दोन पावलं मागे फेकले गेले. हंसाकाकूंच्या घागरीच्या तोंडाएवढ्या जाडीची ती धार थांबेना. चार दिवसांचं पाणी होतं ते.

दीपेश यांनी त्या धारेकडे पाहिलं. मग चपला ठेवल्या आणि शिडीवरून खाली उतरले. "द्या इकडे," म्हणाले. काकांनी पहार दिली. पाणी उतरत गेलं तशी खालची दोन भोकं दीपेश यांनी फोडली, मग सोळा नंबरची, मग अठराची. हाताला फोड आले. काका बाजूला उभे राहून एवढंच सांगत होते, "हलू नको मार, बाला, जोरात मार. आपल्या घराचा काम हाय."

अठरानंतर दोघांचे हात पार थकले. दीपेश यांनी समोर हाका मारल्या, की पहारी घेऊन या. लोक व्हिडिओ काढत होते. कोणाला ऐकू गेलं नाही, किंवा नंतर व्हिडिओ बघताना ऐकू आलं.

दुपारी पंचवीस आणि सव्वीस नंबर पडले. आवाज फार झाला नाही. ते पुढे झुकले, आणखी झुकले आणि पाठीमागे बाकं टाकून केलेला सेल्फी पॉइंट घेऊन तलावात गेले. चिखलामुळे तिथे कोणी बसलेलं नव्हतं, एवढं नशीब. काकांचं घर राहिलं. मी राहिलो. मात्र झुकलेली भिंत परत सरळ होत नाही. मी अजून दोन बोटं पुढे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, नमस्कार करतोय.

मग चौकशी झाली. चौकशीला पुरावा लागतो, आणि पुरावा भरपूर होता. साठेक व्हिडिओ, सगळ्यांत पहार. बुजवलेल्या भोकांचा व्हिडिओ कोणाकडे असणार? अहवालात लिहिलं, की पहारीच्या हादऱ्यांनी भिंत कमकुवत होऊन दोन तुकडे पडले. हरेश्वरकाकांच्या दारावर नोटीस लागली. पंधरा दिवसांत पाडलेली भोकं बंद करून फोटो सादर करावा, अन्यथा तलावालगतचं सदर बांधकाम हटवण्याची कारवाई होईल. सदर बांधकाम म्हणजे घर. तलाव चार वर्षांचा, घर साठ वर्षांचं. पण कागदावर तलावाच्या लगत घर आलं होतं, घराच्या लगत तलाव नाही.

काका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांना त्यांनी सांगितलं, "भोकं मी पाडली नाय. व्हती ती उघडली." साहेबांनी ते नोंदवून घेतलं आणि फोटोची तारीख सांगितली.

आता बघा, मित्रांनो. भोकं बंद केली तर पुढच्या पावसात मी घर घेऊन तलावात जाणार. बंद नाही केली तर कार्यालय येऊन घर पाडणार. काका चौदा दिवस ओट्यावर बसून होते. जेवण अर्धं टाकायचे. दीपेश रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायचे.

पंधराव्या दिवशी सकाळी हंसाकाकू नारळ खवत होत्या. खवता खवता थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांना फोटूच पायजे ना?"

त्यांनी करवंट्या पुढे केल्या. माझ्यासाठी तीन, सोळा आणि अठराला तीन-तीन. शेजारीपाजारी फिरून नऊ जमवल्या. दीपेश यांनी सोसायटीतला उरलेला पांढरा रंग आणला, करवंट्या रंगवल्या आणि त्यांच्यावर थेंबांचे चेहरे काढले. चित्रकला त्यांच्या मुलीकडे आहे, त्यांच्याकडे नाही. एक थेंब चांगलाच वैतागलेला निघाला. तो माझ्या वरच्या भोकावर बसवला. मला तो फार जवळचा वाटला. समोरून फोटो काढला, भिंत कशी गुळगुळीत दिसत होती. मग काकूंनी करवंट्या काढून घेतल्या आणि फडताळात ठेवल्या. कार्यालयाचं पत्र आलं. दुरुस्ती समाधानकारक, प्रकरण बंद.

कागदावर मी बंद आहे. प्रत्यक्षात गळतो.

पण ही गोष्ट इथे आनंदात संपवावी असं मला वाटत नाही, कारण आम्ही चाळीस जण आहोत आणि श्वास तिघेच घेतो. पंचवीस-सव्वीसच्या जागी नवे आणले, सुधारित पद्धतीचे, त्यांना भोकंच नाहीत. बाकीचे पस्तीस अजून हसऱ्या थेंबांखाली घुसमटलेले आहेत. दीपेश यांनी त्यांची भोकं उघडावी म्हणून नवा अर्ज केला. मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याला उत्तर आलं, की भोकं बंद केल्यावर भिंत उत्तम स्थितीत असल्याचा, नोटिशीला उत्तर म्हणून आलेला फोटो दप्तरी आहे. सबब अर्ज निकाली. दीपेश यांनी ते पत्र आणून काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, की चौथा लिही. चौथा लिहिलाय.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी घ्यायची इच्छा झाली तर आधी विचारा. मला नको, मी काँक्रीट आहे. मला बनवणाऱ्याला विचारा, नाहीतर जो माझ्या पाठीमागे राहतो त्याला विचारा. मला रंग नको, घोषणा नको. हातात एक काडी घेऊन या आणि भोकं मोकळी आहेत का तेवढं बघा. भर पावसात एखादी भिंत गळताना दिसली तर हसून पुढे जा. कोरडी दिसली तर तिच्याखालून जाऊ नका, आणि घरी मोठ्यांना सांगा. ते व्हिडिओ काढायला लागले तर पुन्हा सांगा.

यंदाही तलाव भरतो आहे, उतरतो आहे. सुकती लागली की काका काडी घेऊन शिडी उतरतात, हल्ली दर पायरीला थांबत. काकू वर स्वयंपाकघराचं मागचं दार ओढून बघतात.

"लागला काय?" काका खालून विचारतात.

"लागला," काकू म्हणतात, आणि पुन्हा उघडून ठेवतात.